दोन बोटे उंची

जीपगाडीची उंची किती असावी, हा विषय घेऊन या पानांवर येताना मला थोडा संकोच वाटतो. येथे सामान्यतः उत्सवांच्या, ग्रंथांच्या आणि होऊन गेलेल्या माणसांच्या गोष्टी निघतात. पाटे, बुश आणि शॉकअप यांच्या गोष्टी मिस्त्र्याच्या दुकानात निघतात. परंतु गेल्या वर्षी कार्तिकापासून माघापर्यंत या एका प्रश्नाने आमच्या घरात असे काही ठाण मांडले की, संध्याकाळी देवापुढे दिवा लागला, शुभंकरोती झाली, की पाठोपाठ त्याचीच चर्चा सुरू होई. आणि त्या प्रश्नाचे शेवटचे उत्तर जिने दिले, तिने आयुष्यात कधी गाडीचे चाक हाती धरलेले नाही. म्हणून ही हकिकत सांगण्यासारखी आहे, असे मला वाटते.

मी बेळगावचा. तीस वर्षे मुलांना भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर नकाशावर बोट ठेवून दाखवलेली गावे प्रत्यक्ष पाहण्याचा उद्योग आरंभला. आमचे कुलदैवत मंगेश. त्यामुळे गोव्याची वाट लहानपणापासून पायाखालची. पण त्या वाटेच्या दोन्ही अंगांना, खानापूर आणि सत्तरी या तालुक्यांच्या रानांत, किती लहान लहान देवस्थाने दडलेली आहेत, याची मला फार उशिरा जाणीव झाली. कुठे झाडाखाली वीरगळ उभा असतो, कुठे शेताच्या बांधावर गजलक्ष्मीची शिळा असते. हिवाळा आला की मी चार-पाच दिवसांची शिदोरी बांधून निघतो, अशा शिळांची मापे घेतो, पेन्सिलीने आकृती काढतो आणि परत येतो. या भटकंतीत माझी सोबतीण म्हणजे एक जुनी मारुती जिप्सी.

ही गाडी भारतात १९८५ साली आली आणि सामान्य गिऱ्हाइकांसाठी तिची विक्री २०१९ मध्ये थांबली. माझी गाडी पंचविशी ओलांडलेली आहे. पुनर्नोंदणीचे सोपस्कार करून मी ती चालवतो. चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचवण्याची सोय तिच्यात आहे. रूप साधे, अंग अरुंद, वजन बेताचे. आणि चाकांवर बैलगाडीच्या नात्यातले वाटावेत असे पोलादी पाटे. आजच्या गाड्यांत बहुधा गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात. जिप्सीला मात्र पुढे आणि मागे, दोन्हीकडे पाटेच आहेत.

आईचे माहेर सत्तरीतील एका वाडीत होते. वाडी आता जवळजवळ उठून गेली आहे, पण रानात सातेरीचे स्थान अजून आहे. गोव्यात सातेरी वारुळाच्या रूपाने पुजली जाते, हे वाचकांस सांगावयास नको. लहानपणी आई त्या वारुळापुढे रोज तिन्हीसांजेला पणती लावीत असे. आता तिला चौऱ्यांशी वर्षे पूर्ण झाली आहेत. गेल्या दसऱ्याला ती एवढेच म्हणाली, "एकदा तिकडे नेऊन आण. पुढच्या वर्षाचं कोणी सांगावं?" आईने आयुष्यात माझ्याजवळ फारसे काही मागितलेले नाही.

म्हणून कार्तिकात आम्ही निघालो. आई पुढच्या आसनावर, मागे मी आणि माझी पत्नी, चाकावर पुण्याहून सुटीवर आलेला चिरंजीव. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असा घाट उतरून डांबरी रस्ता सोडला, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. वाडीची वाट पावसाने भिजलेली होती. ट्रॅक्टरच्या चाकांनी तिच्यावर दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये गवताने माखलेला उंच वरंबा राहिला होता. पुढे एक ओहोळ लागला. त्यात उतरलो, पलीकडचा काठ चढू लागलो, तो मागचा लोखंडी हूक मातीत खसकन रुतला. मागेपुढे करून तो सोडवला आणि पन्नास पावले गेलो नाही, तोच गाडीचे पोट मधल्या वरंब्यावर टेकले. चारही चाके फिरत होती, पण त्यांच्यावर भारच उरला नव्हता. सातेरीचे स्थान तेथून पाऊण मैल. आईला तेवढे चालवत नाही. दोन तास ती गाडीतच बसून राहिली. रानात लाकडे तोडणाऱ्या चौघांनी कुदळीने वरंबा फोडून आमची सुटका केली, तेव्हा परतण्यावाचून उपाय नव्हता. आईने बसल्या जागेवरून त्या दिशेला हात जोडले आणि माहेरच्या भाषेत म्हणाली, "सातेरीन आयज आपयलें ना." देवीने आज बोलावले नाही, असे तिने म्हटले. मी मनात म्हटले, देवीने बोलावले होते. आपलीच गाडी पोहोचली नाही.

त्याच रात्री चिरंजीवांनी जाहीर केले की, गाडी उंच केली पाहिजे. "बाबा, चार-पाच इंच उचलूया. पुण्यात माझ्या मित्राने केलीय. खालून मांजर काय, वासरू जाईल." त्याने त्या मित्राच्या गाडीचे छायाचित्र दाखवले. गाडी खरोखर देखणी दिसत होती; एखाद्या तरुणाने छाती काढून उभे राहावे, तशी. मलाही मोह पडला, हे कबूल केले पाहिजे. रानात ज्याची गाडी अडते, त्याला उंचीसारखा दुसरा देव दिसत नाही.

पण शिक्षकाची सवय अशी की, उत्तर लिहिण्यापूर्वी प्रश्न दोनदा वाचावा. मी वही घेऊन बसलो आणि गाडीखाली निजून पट्टीने मापे घेतली. तेव्हा माझ्या ध्यानात आले की, गाडीची उंची ही एक वस्तू नसून तिच्यात तीन वेगवेगळ्या उंच्या आहेत. पहिली एक्सलची. दोन चाकांना जोडणाऱ्या एक्सलमध्ये डिफरन्शियलचा जो गोल फुगवटा असतो, तो जमिनीपासून किती वर आहे, ही ती उंची. दुसरी पोटाची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधील सांगाड्याची. तिसरी कोपऱ्यांची, गाडीचे नाक आणि शेपूट चढउतारावर जमिनीला घासू नयेत म्हणून लागणारी.

पाटे बदलून गाडी उचलली, तर दुसरी आणि तिसरी उंची वाढते. पहिली केसभरही वाढत नाही. कारण पाटे हे एक्सल आणि सांगाडा यांच्या मध्ये असतात. जे वाढते ते त्यांच्या वर वाढते. एक्सल जेथल्या तेथे राहतो. पालखीचा दांडा उंच बांधला, म्हणून भोयांचे पाय लांब होत नाहीत, तसे हे आहे. एक्सल वर न्यायचा तर चाकच मोठे हवे, आणि तेथेही हिशेब निम्मा: टायरचा व्यास दोन इंच वाढवला, तर एक्सल एकच इंच वर जातो. शिवाय मोठ्या चाकाबरोबर वेगाचा काटा खरा वेग सांगेनासा होतो आणि चढावर इंजिनाला जड जाते. माझ्या गाडीचा एक्सल त्या दिवशी कोठेही अडला नव्हता. अडले होते पोट आणि अडली होती शेपूट. म्हणजे पाट्यांचाच प्रश्न होता, एवढे तरी निश्चित झाले.

माझा एक भाचा बरीच वर्षे ऑस्ट्रेलियात आहे. तिकडे अशा गाड्या घेऊन आठवडेच्या आठवडे ओसाड मुलखात प्रवास करण्याची मोठी परंपरा आहे, आणि गाडी उचलण्याचे शास्त्रही तिकडे चांगलेच रुजले आहे. त्याला विचारले. तो म्हणाला, "मामा, लांबच्या प्रवासाला निघणारी बहुतेक माणसं इकडे दोन इंचांच्या आसपास थांबतात. त्याच्या पलीकडे गेलं की एकेक सांधा बदलत बसावं लागतं, आणि अभियंत्याचा दाखलाही लागतो. पण पाटे घ्यायला गेलात तर दुकानदार किती इंच हवेत ते आधी विचारणार नाही. तो विचारील, गाडीत कायमचं ओझं किती असतं?"

हा प्रश्न मला त्या वेळी थोडा अप्रस्तुत वाटला. आम्ही उंचीविषयी बोलत होतो, ओझ्याविषयी नव्हे. पण आठ दिवसांनी उद्यमबागेतल्या मिस्त्र्याकडे गाडी नेली, तेव्हा त्या गृहस्थांनी पाटे ठोकून पाहिले, दोन वेळा गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "मास्तर, उंच करायचं ते नंतर बघूया. आधी सांगा, गाडीत घालता काय काय?" समुद्रापलीकडचा एक इंजिनिअर आणि बेळगावातला एक मिस्त्री, दोघे एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, पण दोघांनी पहिला प्रश्न तोच विचारावा, याचे मला मोठे नवल वाटले.

मिस्त्र्यांनी मला मार्ग सारे समजावून दिले. पहिला सर्वांत स्वस्त. पाट्याचे एक टोक सांगाड्याला ज्या लोखंडी दुव्याने टांगलेले असते, ती शॅकल लांब करायची. पण पाट्याच्या एकाच टोकाला शॅकल असते आणि एक्सल असतो मध्ये. म्हणून शॅकल दोन इंचांनी लांबवली, तर गाडी एकच इंच उचलते. फळीचे एकच टोक उचलल्यासारखे. आणि फळी तिरकी झाली की तिच्यावर बसलेला एक्सलही किंचित वळतो. पुढच्या एक्सलचा हा कोन बिघडला, तर सरळ रस्त्यावर गाडी आपली आपण सरळ राहत नाही. चालवणाऱ्याला ती सतत सावरावी लागते.

दुसरा मार्ग म्हणजे आहेत त्या पाट्यांत एक जादा पाटा घालायचा. उंची येते, भार पेलतो. परंतु गाडी रिकामी असताना इतकी कडक होते की, बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होतात. जुन्याच पाट्यांना ठोकून पुन्हा कमान देता येते, पण थकलेले पोलाद ती कमान फार दिवस धरत नाही. तिसरा मार्ग चिरंजीवांच्या मित्राचा. जिप्सीत पाटे एक्सलच्या खालून गेलेले असतात. ते उचलून एक्सलच्या वर बसवायचे. गाडी एका झटक्यात चार-पाच इंच वर जाते.

"मग हेच उत्तम नव्हे का?" मी विचारले.

मिस्त्री हसले. "उंची एका झटक्यात येते, मास्तर. मागचे हप्ते वर्षभर फेडायचे." मग त्यांनी ते हप्ते मोजून दाखवले. गाडी वर गेली आणि एक्सल खाली राहिला, म्हणजे त्या दोहोंना जोडणारी प्रत्येक वस्तू ताणली जाते. ब्रेकच्या नळ्या अपुऱ्या पडतात. शॉकअप आखूड पडतात, आणि खड्ड्यात चाक खाली लोंबले की सारा हिसका त्यांनाच बसतो. इंजिनाची शक्ती एक्सलपर्यंत नेणारे जॉइंट शाफ्ट अधिक तिरके होतात. त्यांचे क्रॉस लवकर झिजतात आणि वेग वाढला की गाडी थरथरू लागते. स्टिअरिंगचा दांडा तिरका होतो. पाटे वर गेल्यामुळे जोर लावताना एक्सल गोल पिळवटू पाहतो, त्याला आवर घालावा लागतो. दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. यांतील प्रत्येक गोष्टीला उपाय आहे. पण उपाय म्हणजे आणखी एक बदल, आणि त्या बदलाला आणखी एक.

याहूनही मोठी गोष्ट तोलाची. मंगेशीच्या माघी जत्रेतील महारथ आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तो केवढा उंच असतो! पण त्याची चालही पाहावी. शेकडो हातांनी ओढलेला तो रथ पावलापावलाने सरकतो, वळताना थांबतो, आणि चाकांवर नजर ठेवून माणसे उभी असतात. उंचीला तेथे संथपणाची आणि सावधपणाची जोड आहे. माझी जिप्सी अंगाने अरुंद. डाव्याउजव्या चाकांतील अंतर जेमतेम सव्वा मीटरच्या पुढे. तिला पाच इंच वर न्यायचे, छपरावरच्या कॅरिअरवर ओझे लादायचे आणि मग चोर्ल्याच्या वळणांवर ताशी पन्नासने उतरायचे, हे महारथाला शर्यतीत उतरवण्यासारखे आहे.

कायद्याचा विचार राहिला होता, तो मी घरी येऊन केला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निकालात असे स्पष्ट केले आहे की, उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. चिरंजीव म्हणाला, "बाबा, रस्त्यावर शेकडो गाड्या तशा फिरतात. कोण विचारतो?" कोणी विचारणार नाही, हे खरे असेल. पण अपघात झाला म्हणजे विमा कंपनी विचारते. आणि तीस वर्षे मुलांना परीक्षेत इकडेतिकडे पाहू नका म्हणून सांगितलेल्या माणसाला स्वतःची उत्तरपत्रिका लपवून लिहिणे जड जाते.

तरीही मन पुरते वळले नव्हते. आईला सातेरीपर्यंत नेण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नव्हता. अशा वेळी मिस्त्र्यांचा निरोप आला की, पाच इंच उचललेली एक जिप्सी त्यांच्याकडे दुरुस्तीला आली आहे, एकदा पाहून जा. मी आईलाही घेऊन गेलो. म्हटले, जिच्यासाठी हे करायचे तिलाच दाखवावे. आईने गाडीकडे खालून वर पाहिले. पत्नीने हात दिला. आईने पाय उचलला. तो पायरीपर्यंत गेला नाही. पुन्हा उचलला. मग पदर सावरीत ती मागे सरली आणि शांतपणे म्हणाली, "म्हजो पांय वयर पावना. पुता, आमकां सातेरीगेर वचपाचें आसा, सर्गार न्हय."

दुकानातली सगळी माणसे हसली, मिस्त्रीही हसले. मला मात्र आपल्या भाषेतला तो जुना वाक्प्रचार आठवला: स्वर्ग दोन बोटे उरणे. गर्वाने फुगलेल्या माणसाविषयी आपण तो वापरतो. ज्या गाडीत आईला चढता येत नाही, ती गाडी आईला देवीपर्यंत कशी नेणार, एवढा साधा प्रश्न माझ्या वहीतल्या तिन्ही उंच्यांत कोठेच नव्हता. चौथी उंची मी मोजलीच नव्हती: जमिनीपासून पायरीपर्यंतची.

त्याच दुपारी मी मिस्त्र्यांच्या पहिल्या प्रश्नाकडे परत आलो. कार्तिकात भरली होती अगदी तशी गाडी भरली, माणसांसह, आणि वजनकाट्यावर नेली. आधी पुढची चाके काट्यावर घेतली, मग मागची. नोंदणीपुस्तकात भारासह जास्तीत जास्त वजन लिहिलेले असते. आमची गाडी त्याच्या वर सत्तर किलो निघाली. आणि जवळजवळ सगळे जास्तीचे ओझे मागच्या चाकांवर! मी चकित झालो. न्यायालयाचे निकाल वाचणारा हा गृहस्थ किती वर्षे नियम मोडून फिरत होता! मग घरी ओटीवर सगळे सामान मांडून प्रत्येक वस्तू तोलली. छपरावरचे लोखंडी कॅरिअर आणि त्याच्यावरील ताडपत्री, दोर, लाकडी पेटी मिळून साठ किलो. पाण्याचे वीस लिटरचे तीन डबे. पाणी लिटराला किलोभर भरते, म्हणजे तेही साठ. गेल्या दहा वर्षांत एकदाही न उघडलेली हत्यारांची पेटी अठरा किलो. दोन स्टोव्ह. तीन कंदील. दगडांचे नमुने, जे मी गाडीतून काढायचे विसरलो होतो.

दुसरे माप मिस्त्र्यांनी घेतले. चाकाच्या मध्यबिंदूपासून वर पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर त्यांनी चारही चाकांवर मोजले आणि नुकतेच नवे पाटे घातलेल्या दुसऱ्या एका जिप्सीशी ताडून पाहिले. माझी गाडी मागे ४५ मिलिमीटर आणि पुढे २० मिलिमीटर खाली बसलेली होती. वर्षानुवर्षे ओझे वाहून पाट्यांची कमान सपाट झाली होती. मिस्त्र्यांनी आपली दोन बोटे जोडून पत्र्याच्या कडेशी धरली आणि म्हणाले, "एवढी गेलीय, मास्तर. नवी उंची कशाला मागता? गेलेली परत आणू."

मला तेव्हा पहिल्यांदा सारा प्रश्न स्वच्छ दिसला. ज्या वरंब्यावर आमचे पोट टेकले आणि ज्या काठात आमचा हूक रुतला, तेथे गाडी बनवणाऱ्यांनी दिलेली उंची आमच्याजवळ नव्हतीच. आम्ही ती ओझ्याखाली गमावली होती, आणि गमावलेल्या वस्तूच्या जागी दुप्पट मोठी वस्तू विकत आणायला निघालो होतो. लांबच्या प्रवासासाठी पाटे निवडायचे ते इंचांवर नव्हे, तर गाडीत नित्य असणाऱ्या ओझ्यावर, हे भाच्याचे म्हणणे आता उमगले. उंची हे ओझे नीट पेलल्याचे फळ आहे. ते वेगळे तोडून आणता येत नाही.

मग निर्णयाला वेळ लागला नाही. मूळ मापाचे नवे पाटे चारही चाकांना घातले. त्यांच्याबरोबर नवे बुश आणि नवे यू-बोल्ट. एकदा ताणलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत, याबाबत मिस्त्री फार कडक आहेत. शॉकअपही मूळ मापाचेच, पण नवे. कॅरिअर छपरावरून उतरले ते कायमचे. पाण्याचा एकच डबा ठेवला आणि तो पुढच्या आसनांच्या पाठीशी, तळाशी बांधला. जड वस्तू खाली आणि मध्ये, हलक्या वर आणि मागे, ही रीत ठरवली. पुन्हा काट्यावर गेलो तेव्हा गाडी नोंदणीपुस्तकातल्या आकड्याच्या पन्नास किलो खाली होती. दोनशे किलोमीटर चालवल्यावर मिस्त्र्यांनी यू-बोल्ट पुन्हा आवळून दिले आणि मापे घेतली. दोन बोटे परत आली होती.

चिरंजीव थोडा हिरमुसला. छायाचित्र काढण्यासारखे गाडीत काही झाले नव्हते. पण घाटात एक वळण घेतल्यावर तोच म्हणाला, "बाबा, आता डुलत नाही." यापेक्षा मोठे प्रमाणपत्र मला नको होते.

माघात, पौर्णिमेच्या जत्रेला निघालो, तेव्हा दोन दिवस आधीच घाट उतरून आम्ही वाडीच्या वाटेला लागलो. जमीन आता वाळली होती, हेही सांगितले पाहिजे. सारे श्रेय पाट्यांना देणे खरे होणार नाही. ओहोळाचा काठ मागचा हूक न घासता चढलो. वरंब्यापाशी मी खाली उतरलो आणि चिरंजीवाला हाताने खुणा केल्या. या खेपेस वरंबा पोटाखाली घेतला नाही. डावी चाके त्याच्या माथ्यावर चढवली आणि उजवी चाकोरीबाहेरच्या कडेवर ठेवली. गाडी थोडी कलली, हळूहळू सरकली आणि पार झाली. ही युक्ती मला कार्तिकातही करता आली असती, जर मी तेव्हा खाली उतरून पाहिले असते!

सातेरीपुढे गाडी थांबली. आईला उतरवायचे होते. गाडी दोन बोटे वर आली होती, तेवढी तिची पायरीही वर गेली होती. पण तिचा उपाय आईने घरीच करून ठेवला होता. तिने मागून एक वस्तू मागितली. देवघरातला जुना फणसाचा पाट तिने निघताना स्वतःच गाडीत ठेवला होता. तो दारापाशी मांडला. आई त्याच्यावर पाय ठेवून, कोणाचाही हात न धरता, खाली उतरली.

वारुळापुढे पणती लावून झाल्यावर ती बराच वेळ तेथेच बसली. आम्हीही बोललो नाही. परतताना मी सवयीने सामानाची यादी काढली आणि तिच्यात शेवटी लिहिले: पाट, वजन अडीच किलो. आईने ते पाहिले आणि म्हणाली, "शेवटी कशाला? पहिला लिही."

तेव्हापासून आमच्या प्रवासाच्या यादीत पाट पहिला असतो.